विनोदकाराचा कान : आचार्य अत्रे आणि खानदेशची बोली

मराठी विनोदाच्या इतिहासात प्रल्हाद केशव अत्रे यांचे स्थान केव्हाच ठरून गेले आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विनोदाला वाङ्मयात प्रतिष्ठा मिळवून दिली, राम गणेश गडकऱ्यांनी तो रंगभूमीवर आणि ‘बाळकराम’ या टोपणनावाने लिहिलेल्या लेखांत फुलवला आणि अत्र्यांनी तो सभेच्या व्यासपीठावर, नाटकगृहात, चित्रपटात व वर्तमानपत्राच्या रकान्यांत नेला, असे साधारणपणे सांगितले जाते. हे खरे असले तरी या मांडणीत अत्र्यांच्या कारकिर्दीतील दोन कामे नेहमी बाजूला पडतात. १९५२ साली जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या पुढाकाराने व प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि लगेच १९५३ साली, अंमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून घडलेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर त्यांनी चित्रपट काढला. चरित्रकार या कामांची नोंद अत्र्यांच्या रसिकतेच्या किंवा भावुकतेच्या खात्यावर करतात. हसवणारे अत्रे वेगळे आणि गहिवरणारे अत्रे वेगळे, अशी ही वाटणी आहे. ती मान्य करता येत नाही. बोललेला शब्द खरा की खोटा हे कानाने ओळखण्याची जी शक्ती विनोदी नाटककाराला लागते, तिच्याच बळावर अत्र्यांनी खानदेशातील ही दोन लेणी ओळखली, आणि म्हणून त्यांच्या विनोदाचा विचार खानदेशाला वगळून पुरा होऊ शकत नाही.

खानदेश म्हणजे तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या, कपाशीच्या जमिनीचा मुलूख होय. इंग्रजी अमलात तो एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा तर पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. भाषेच्या दृष्टीने मात्र हा प्रदेश एकसारखा नाही. धुळ्याकडे आणि अंमळनेर-चाळीसगावच्या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते, जिच्यावर गुजरातीच्या शेजाराची छाया आहे. तर जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या भागांतील लेवा पाटीदार समाजाच्या घरांत लेवागणबोली चालते, जी वऱ्हाडीला जवळची आहे. या बोलीत प्रमाण मराठीतला ‘ळ’ पुष्कळदा ‘य’ होतो आणि ‘ण’ हटकून ‘न’ होतो, त्यामुळे डोळा हा ‘डोया’ होतो, माणूस हा ‘मानूस’ होतो आणि खुद्द जळगावही ‘जयगाव’ होऊन जाते. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर म्हणायची गाणी असोत की श्रावणात कानबाईच्या उत्सवात म्हटली जाणारी गाणी असोत, या बोलींचे सगळे धन पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून कानात आणि कानातून तोंडात असेच वाहत आले.

त्याच वेळी हा प्रदेश लिहिलेल्या शब्दाचाही मोठा भक्त होता, हे विसरून चालणार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जळगावातून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरले, कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्याचे अध्यक्ष होते, आणि धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा मुलगा त्या संमेलनातून ‘बालकवी’ ही पदवी घेऊन बाहेर पडला. केशवसुतांच्या आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील काही वर्षे याच खानदेशात शाळामास्तरकी करण्यात गेली होती. अशा या काव्यवेड्या जळगावात, संमेलन भरले त्या वर्षी, चौधरींच्या घरात सत्तावीस वर्षांची एक सून जात्यावर बसून गाणी रचत होती आणि संमेलनाच्या मंडपाला तिचे नावही ठाऊक नव्हते. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. कविता ही कागदावर असते असे तेव्हा सर्वांनाच वाटत होते, आणि ती बाई निरक्षर होती.

कागदावरच्या कवितेकडे संशयाने पाहणारा माणूस मराठीत येण्यास आणखी काही वर्षे लागायची होती. अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यात सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. सासवड आणि पुणे येथे शिक्षण, १९१९ साली पदवी, त्यानंतर शिक्षकाचा पेशा आणि पुढे लंडनला जाऊन मिळवलेली शिक्षणशास्त्राची पदविका, असा त्यांचा पूर्वार्ध आहे. तरुणपणी त्यांना गडकऱ्यांचा सहवास लाभला आणि त्यांनी गडकऱ्यांना आयुष्यभर गुरू मानले. ‘गोविंदाग्रज’ या नावाने उत्कट प्रेमकविता लिहिणारा कवी आणि ‘बाळकराम’ या नावाने पोट धरून हसवणारा लेखक हे दोघे एकाच माणसात नांदू शकतात, हे त्या शिष्याने जवळून पाहिले होते. म्हणूनच स्वतः ‘केशवकुमार’ या नावाने कविता लिहिताना त्यालाही या दोन भूमिकांत विरोध वाटला नाही.

१९२५ साली प्रसिद्ध झालेला ‘झेंडूची फुले’ हा संग्रह मराठी विडंबनकाव्याचा पाया मानला जातो. विडंबन म्हणजे एखाद्या लेखकाची शैली, त्याचे लाडके शब्द, त्याचा सूर हुबेहूब उचलून तो एखाद्या क्षुल्लक विषयावर चढवणे, जेणेकरून त्या शैलीतला पोकळपणा आपोआप उघडा पडावा. त्या काळी रविकिरण मंडळातील कवींचा बोलबाला होता. प्रेमाची हळुवार वर्णने, फार्सी वळणाची शब्दकळा आणि कवी म्हणून वावरण्याचा एक ठराविक थाट यांची साथच पसरली होती. अत्र्यांनी या थाटाला हात घातला. त्या संग्रहातील ‘प्रेमाचा गुलकंद’ या कवितेत एक प्रियकर आपल्या प्रेयसीला नेमाने गुलाबाची फुले नेऊन देत राहतो. त्याच्या लेखी ती फुले म्हणजे हृदयाची भाषा असते, आणि अखेरीस कळते ते असे की, तिने ती सारी फुले फुकट जाऊ न देता त्यांचा गुलकंद घालून बरणीत भरला आहे. ही बरणी फार महत्त्वाची आहे. गुलाब हे कवितेतले फूल, गुलकंद ही घरातली वस्तू. कवितेतल्या वस्तूला घरात आणून ठेवले की ती किती टिकते हे पाहण्याची ही परीक्षा आहे, आणि संग्रहाच्या नावात गुलाब न घालता दाराच्या तोरणातला झेंडू घालण्यामागेही हीच दृष्टी दिसते.

विडंबनकाराची ही परीक्षा वरवर नकारात्मक वाटते. तिचा खरा आधार मात्र होकारात्मक असतो. खोटे नाणे वाजवून ओळखणाऱ्या सराफाच्या कानात आधी खऱ्या नाण्याचा आवाज असावाच लागतो. अत्र्यांच्या कानात तो होता आणि तो पुस्तकांतून आलेला नव्हता. सासवडचा बाजार, पालखीची वाट, शाळेच्या वर्गातला गलका आणि गडकऱ्यांची संवादभाषा यांनी तो घडवला होता. शिक्षक म्हणून त्यांनी तयार केलेल्या ‘नवयुग वाचनमाला’ या पाठ्यपुस्तकांत हा कान स्पष्ट ओळखू येतो. पूर्वीच्या क्रमिक पुस्तकांतील उपदेशाची बोजड भाषा टाकून त्यांनी मुलांच्या तोंडची भाषा पुस्तकात आणली. ‘दिनूचे बिल’ या त्यांच्या धड्यात एक मुलगा घरात केलेल्या कामांचा हिशेब आईपुढे ठेवतो आणि आई त्याला आपलेही बिल देते. दोन कागदांवर बेतलेला हा धडा वाचताना आधी हसू येते आणि मग घशात काहीतरी दाटते. या धड्याची बांधणी पुढे ‘श्यामची आई’च्या पटकथेपर्यंत कशी पोहोचली हे पाहण्यासारखे आहे, कारण दोन्हीकडे आई काहीही ‘शिकवत’ नाही, ती फक्त एक लहानशी कृती करते.

नाटकांच्या क्षेत्रात अत्रे उतरले ते १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ने. बोलपटांच्या आगमनाने नाटक मंडळ्या मोडकळीला येत असतानाचा हा काळ होता. एखाद्या खुळाने पछाडलेली माणसे एका घरात कोंडायची आणि त्या खुळांची एकमेकांशी टक्कर घडवून आणायची, ही या प्रहसनाची युक्ती. प्रहसन म्हणजे अतिशयोक्तीच्या बळावर चालणारे निखळ हास्यनाटक. सूर्यनमस्काराने जगातील सर्व रोग बरे होतात असे मानणारे रावबहादूर हे त्यातील मध्यवर्ती पात्र आहे. त्यानंतर ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ ही नाटके तीन वर्षांच्या आत आली. यांतील ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ ही हास्यनाटके नव्हेत, संसारात कोंडलेल्या स्त्रीच्या दुःखाची ती गंभीर नाटके आहेत, आणि एकाच लेखणीतून हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहत होते, ही बाब अत्र्यांचे मूल्यमापन करताना जितकी लक्षात घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही. ‘मोरूची मावशी’ हे इंग्रजी नाटकाचे रूपांतर आणि ‘कवडीचुंबक’ हे मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्याचे मराठी रूप या दोहोंतही परकी चौकट मराठी संवादांनी अशी भरून टाकली आहे की ती परकी असल्याचे प्रेक्षकाला जाणवत नाही. रूपांतराची ही कसोटी शब्दकोशाने पार पडत नाही. मराठी माणूस रागावला, घाबरला, लाजला तर नेमके काय बोलेल हे ज्याच्या कानात आहे त्यालाच ती पार पाडता येते.

याच सुमारास खानदेशात बोललेला शब्द कागदावर उतरवण्याचा एक अपूर्व प्रयोग घडत होता, आणि त्याचा अत्र्यांशी प्रत्यक्ष संबंध नसला तरी पुढच्या घटनांची ती पार्श्वभूमी आहे. कोकणातील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे, म्हणजे वसतिगृहाचे, काम पाहू लागले. मुलांना उठवणे, त्यांचे अंथरूण-पांघरूण पाहणे, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक लिहिणे आणि ‘विद्यार्थी’ मासिक चालवणे या कामांतून हा अबोल, संकोची शिक्षक ‘साने गुरुजी’ झाला. कोकणात जन्मलेल्या माणसाला गुरुजीपण अंमळनेरने दिले. १९३० च्या चळवळीत त्यांनी शाळा सोडली. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा भावे तिथेच होते, आणि २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज वाचताना विनोबांचा बोलण्याचा लयबद्ध ओघ जसाच्या तसा भेटतो, त्याचे श्रेय त्या टिपणाऱ्या हाताला आणि त्याहून अधिक त्या हातामागच्या कानाला आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे, कारण आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो अशी पुस्तकाची योजना आहे. लिहिलेले असूनही ते सांगितलेले पुस्तक आहे, आणि सांगण्याचा हा सराव धुळ्याच्या बराकीतल्या त्या रविवारांनी पक्का केला असावा, असे मानण्यास जागा आहे.

बहिणाबाईंच्या गाण्यांची कथा याहून विलक्षण आहे. जळगावपासून जवळच असलेल्या असोदे या गावी महाजनांच्या घरात २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीला, त्यांचा जन्म झाला; तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झाले आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. काशी, ओंकार आणि सोपानदेव ही तीन मुले, शेती, जाते, चूल आणि भाऊबंदकी यांत गेलेले हे आयुष्य अक्षरशून्य होते. दळताना, शेतात निंदताना, गुरांमागे जाताना त्या ओव्या रचत. ओवी म्हणजे कष्टाच्या लयीवर बसवलेली छोट्या चरणांची रचना. जात्याच्या एका फेऱ्यात ती मावते आणि दुसऱ्या फेऱ्यात पुढची सुचते. त्या रचना ऐकून सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने जमेल तशा वहीत उतरवून ठेवल्या. सोपानदेव स्वतः कवी होते आणि ‘काव्यकेतकी’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झालेला होता; तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, आईची गाणी छापावीत असे त्यांना वाटले नाही. ते ज्या काव्यसंस्कारांत वाढले होते त्यांत ‘डोया’ हा शब्द कवितेत बसत नव्हता.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचत संकोचत ती वही अत्र्यांना दाखवली. ती चाळताच अत्र्यांनी हे बावनकशी सोने असल्याचे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा असल्याचे जाहीर केले, हा प्रसंग मराठी वाचकांना पाठ आहे, आणि पाठ झाल्यामुळेच त्यातला महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारीत नाही. वही अत्र्यांच्याच हाती पडावी आणि त्यांनीच ती ओळखावी, असे का झाले? मराठीत तेव्हा लोकगीतांचे संग्राहक होते, संतवाङ्मयाचे अभ्यासक होते, नामवंत समीक्षक होते. संग्राहकाने या गाण्यांना लोकगीते म्हटले असते आणि त्यांवरचे कवयित्रीचे नाव पुसट झाले असते. अभ्यासकाने त्यांत वारकरी परंपरा शोधली असती. अत्र्यांनी ती एका माणसाची कविता म्हणून ऐकली, कारण पात्राच्या तोंडचे प्रत्येक वाक्य त्याच पात्राचे आहे की नाही हे पारखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

शिवाय बहिणाबाईंच्या गाण्यांत विनोद आहे, ही गोष्ट त्यांच्या भक्तांकडून नेहमी दुर्लक्षित होते. संसार, मन, धरित्री यांवरची गाणी इतकी गाजली की बहिणाबाई म्हणजे तत्त्वज्ञ शेतकरीण अशी एक मूर्ती घडली, आणि मूर्ती हसत नाही. प्रत्यक्षात त्यांच्या बोलण्याला जळगावच्या मिरचीचा ठसका आहे. जळगावातील नानाजींच्या छापखान्यावर त्यांची एक रचना आहे. त्यात यंत्राच्या खडखडाटाचे कौतुक करता करता त्या असे काही सांगून जातात की, कोरा कागद एकदा छापला की शहाणा होतो, माणूस मात्र माणसांत राहूनही वेडाच राहतो. अक्षर न ओळखणाऱ्या बाईने छपाईवर केलेली ही टिप्पणी कोणत्याही उपरोधिक लेखकाला हेवा वाटावा अशी आहे. ‘म्हनू नही’ या रचनेत तर त्या एकामागून एक वस्तू घेतात आणि जी आपले काम करीत नाही तिला तिचे नाव देऊ नये असा निवाडा करीत जातात. मिरवलेले नाव आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्यातले अंतर दाखवणे हीच विडंबनाचीही रीत आहे. ‘झेंडूची फुले’ने सत्तावीस वर्षांपूर्वी मराठी कवितेपुढे नेमका हाच निवाडा ठेवला होता. गुलाबाचा गुलकंद घालणारी बाई कवितेत कल्पनेने उभी करणाऱ्या अत्र्यांना ती बाई या वहीत प्रत्यक्ष भेटली, आणि ती कवयित्री निघाली.

संपादनातील एक निर्णय या दृष्टीने फार मोलाचा ठरला. पुस्तकात बोली जशीच्या तशी राहिली. ‘ळ’च्या जागी आलेला ‘य’, ‘ण’च्या जागी आलेला ‘न’, अनुस्वारांची खानदेशी वळणे, यांपैकी काहीही शुद्धलेखनाच्या नियमाने धुऊन काढले गेले नाही. अत्रे हे पाठ्यपुस्तकांचे संपादक होते, मुद्रित तपासणे हा त्यांचा रोजचा व्यवहार होता, आणि १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून ते प्रमाण भाषेच्या गादीवरही बसले होते; गाणी ‘सुधारून’ छापण्याचा मोह होण्यास त्यांच्यापाशी सगळी कारणे होती. पण नाटककाराला ठाऊक असते की पात्राची बोली बदलली की पात्रच मरते. जात्यासाठी ‘घरोट’ आणि प्लेगसाठी ‘पिलोक’ हे शब्द पुस्तकात राहिले, आणि ज्या मराठी वाचकाने खानदेश पाहिलाही नव्हता त्याला ते टिपांच्या आधाराने वाचावे लागले. अवघ्या पस्तीस कविता त्या वहीत टिकल्या; बाकीच्या बहिणाबाईंबरोबर गेल्या.

अत्र्यांच्या अतिशयोक्तीबद्दल इथे बोलणे प्राप्त आहे. व्यक्ती असो, पुस्तक असो, सभा असो, गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही असे म्हणण्याची त्यांची सवय महाराष्ट्राला परिचित होती, आणि म्हणून त्यांच्या स्तुतीला जाणकार वर्तुळात पुरते वजन दिले जात नसे. निंदेतही त्यांचा तोल जाई. त्यांच्या शब्दांनी अनेक सज्जन विनाकारण जखमी झाले, याला विनोदाचे नाव देऊन सोडून देणे योग्य नाही. त्यांच्या कानालाही मर्यादा होत्या. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि नवकाव्याचा वाद पेटला तेव्हा अत्र्यांनी त्या नव्या कवितेची थट्टाच केली. तिच्या तुटक, यंत्रयुगीन लयीमागचे दुःख त्यांना ऐकू आले नाही. जे कानावर बोललेल्या मराठीच्या लयीत येत होते तेवढेच त्यांचा कान ओळखीत होता. ही मर्यादा आणि बहिणाबाईंचा शोध ही एकाच गुणाची दोन टोके आहेत, आणि त्यांच्या स्तुतीच्या डोंगरात बहिणाबाईंवरील स्तुती काळाच्या कसोटीला पुरेपूर उतरली, हे मान्य करावेच लागते.

‘श्यामची आई’ चित्रपट आला तो बहिणाबाईंच्या पुस्तकाच्या पाठोपाठ, ६ मार्च १९५३ रोजी. साने गुरुजींना जाऊन तीन वर्षे होत आली होती. ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ यांसारखे हास्यपट लिहिलेल्या लेखकाने साने गुरुजींच्या पुस्तकाला हात घालावा याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. चित्रपट पाहताना मात्र असे दिसते की, अश्रूंचा हा विषय बिघडू न देण्याचे काम विनोदकाराच्या संयमानेच केले आहे. मूळ पुस्तकातील एक प्रसंग घेता येईल. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम आईला पदर पसरायला सांगतो, ती तो पसरते, आणि पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसेच मनालाही जप, एवढेच म्हणते. यात एक शब्द वाढवला की प्रवचन होते. हास्यनाटकात विनोदी वाक्यानंतर थांबायचे कुठे हे ज्याला कळत नाही त्याचे नाटक पडते; अत्र्यांना ते थांबणे येत होते आणि ते त्यांनी इथे वापरले. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांनी ते पडद्यावर सांभाळले. वसंत देसाई यांचे संगीत होते. १९५४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले, बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ही त्याच वर्षीच्या सन्मानितांत होता. कोकणातील ब्राह्मणाच्या घरातील आई आणि जळगावच्या लेवा शेतकऱ्याच्या घरातील आई या दोघींची भाषा वेगळी, देव्हारा वेगळा, अन्न वेगळे. एका वर्षाच्या अंतराने त्या दोघींना महाराष्ट्रापुढे आणणारा माणूस एकच होता.

पुढचा काळ गर्दीचा गेला. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी अत्र्यांचे ‘मराठा’ दैनिक निघाले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, १९५७ साली अत्रे विधानसभेत निवडून गेले. या सगळ्या धकाधकीत १९६२ साली त्यांनी ‘तो मी नव्हेच’ लिहिले. वेगवेगळी नावे घेऊन स्त्रियांना फसवणाऱ्या एका भामट्याचा खटला हा या नाटकाचा विषय. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, सरकारी हुद्द्याचा दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशी रूपे प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात वठवीत आणि फिरता रंगमंच प्रसंग भराभर बदली. वेश बदलला तरी प्रेक्षकाला माणूस बदलला असे खरे वाटते ते बोलण्यामुळे. प्रत्येक रूपाची मराठी निराळी आहे, लखोबाच्या सीमाभागातल्या हेलात कानडीची आस आहे, आणि न्यायालयात या सगळ्या भाषा एकाच तोंडातून नाकारल्या जातात. बोलीवरून माणूस ओळखता येतो हा अत्र्यांचा विश्वास इथे उलटा वापरला आहे: बोली चोरली की माणूसही चोरता येतो. विनोदकाराच्या कानाची ही सर्वांत कठीण परीक्षा होती असे म्हणता येईल.

अत्र्यांचा मृत्यू १३ जून १९६९ रोजी मुंबईत झाला. त्याच वर्षी बहिणाबाईंच्या गाण्यांची दुसरी आवृत्ती निघाली. पहिलीनंतर मध्ये सतरा वर्षे गेली होती. दरम्यान १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांतली काही गाणी घरोघर पोहोचली होती, आणि ज्यांनी पुस्तक पाहिले नव्हते तेही ती गुणगुणत होते. जात्यावरून सुटलेली गाणी पुन्हा तोंडातोंडी झाली होती. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. पदवीच्या कागदावर आता ते नाव छापलेले असते. ते विद्यापीठ आहे ते जळगावातच, जिथे ‘काव्यरत्नावली’चे अंक निघत असत आणि जिथल्या छापखान्यापाशी उभी राहून एक बाई कोऱ्या कागदाच्या शहाणपणावर हसली होती.